मिस्त्रींनी फक्त काजळी काढली

एकसष्ट साली उमरग्याच्या हमरस्त्यावर नबीलाल मिस्त्रींचं गॅरेज होतं. एके सकाळी धोंडीबा ड्रायव्हर ट्रक घेऊन आला. गाडी चढावर दम टाकत होती.

"नबीलालभाई, सायलेन्सर कापून टाका. सोलापूरच्या गाड्या कशा गरजतात. आवाज वाढला की जोर वाढतोच."

"जोर आवाजात न्हाय, धोंडीबा. धूर बाहेर पडायची वाट तुंबलीय."

"वाट तुमी बघा. पण गाडी गरजली न्हाय, तर सगळ्या ड्रायव्हरांना सांगीन, हितं फिरकू नका."

सगळं गॅरेज ड्रायव्हरांच्या बोलण्यावर चालायचं, तरीही नबीलालनी सायलेन्सर कापला नाही. तो उतरवून त्यांनी जाळात तापवला, ठोकून घमेलंभर काजळी काढली आणि परत बसवला. गाडी पूर्वीइतकीच हळू बोलू लागली. धोंडीबाचं तोंड उतरलं.

"चढावर चला," नबीलाल म्हणाले आणि शेजारी बसले.

जिथं दुसरा गिअर टाकावा लागायचा, तिथं भरलेली गाडी तिसऱ्यावरच वर गेली. तरी धोंडीबा मानायला तयार नव्हता.

"आज वारं मागनं हाय."

नबीलालनी गाडी थांबवायला लावली आणि खिडकीतून रुमाल बाहेर धरला. तो मागं फडफडला.

"मग परत चढू," धोंडीबा म्हणाला.

तीनदा चढले. तिसऱ्यांदा धोंडीबा हसला आणि परतताना हॉटेलावर थांबून त्यानं सगळ्यांना सांगितलं, की मिस्त्रींनी गुपचूप नवं इंजिन बसवलंय.

दुसऱ्या दिवशी गॅरेजपुढं चार ट्रक उभे होते. नबीलाल प्रत्येकाला सांगत होते, आपण फक्त काजळी काढली. ड्रायव्हर एकमेकांकडं बघून मान डोलवत होते. एवढा मोठा कारागीर, पण गर्व कसा तो न्हाय.