बकरीने खाल्लेला रोट

आमच्या घरात माझी सत्ता बाकी कशावर असो नसो, बकरीच्या खाण्यावर आहे. सकाळी शेवरीचा आणि सुबाभळीचा पाला, दुपारी बांधावर चरणं, संध्याकाळी तुरीचा नाहीतर हरभऱ्याचा कोरडा भुसा. खुंट्याला मिठाची वीट टांगलेली, वाटेल तेव्हा चाटते. गाभण असली की वरून मूठभर मक्याचा भरडा. खाऊ म्हणून पपईची साल, कारण आमच्या म्हसावदकडे पपईला तोटा नाही. कधी भाकरीचा चतकोर. बस्स. त्यापुढे कोणी लाड केले की माझं डोकं फिरतं.

आणि लाड करणारा माणूस घरातच. आबा, म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्या त्याच वर्षी ही बकरी आमच्या गोठ्यात जन्मली. तिची आई तिला जवळ घेईना, म्हणून आबांनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. तेव्हापासून आबा जेवायला बसले की ही ओट्याखाली येऊन उभी. आबा अर्धी भाकरी तिच्यासाठी राखणार, मी ओरडणार, आणि आबा म्हणणार, "चतकोरच शे, माय." मलाही माय, बकरीलाही माय. त्यांचा चतकोर अर्ध्या भाकरीचा असतो हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, दळायचे आणि त्याच पिठाच्या पुरणपोळ्या करायच्या. त्याला रोट म्हणतात. हा रोट कुळाबाहेर जात नाही. शेजाऱ्याला द्यायचा नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही, आणि टाकायचा तर मुळीच नाही. पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच खाऊन संपवायचा. मी लोणखेड्याची. लग्न झालं आणि माहेरचा रोट मला बंद झाला, इथला सुरू झाला.

पूर्वी खाणारी तोंडं पुष्कळ होती. आता माझे दोन्ही दीर बायकामुलांसकट सुरतेला, आणि सुटी मिळत नाही हे त्यांचं दरवर्षीचं पालुपद. तरी आबा गहू घेताना त्यांच्या आणि नातवांच्या मुठी टाकतातच. एका वर्षी मी म्हटलं, येणार नाहीत ते, एवढं खाणार कोण? आबा म्हणाले, "घरना शेतस ना त्या? मंग मूठ पडालेच पाहिजे." घरचे आहेत, म्हणजे त्यांची मूठ पडणारच.

कानबाई नदीवर बोळवून आलो तरी रोटांची टोपली अर्धी भरलेली. आम्ही तिघं सकाळ-संध्याकाळ तेच खातोय. गोड खाऊन खाऊन जीव विटला. पौर्णिमा तोंडावर आली. त्या दुपारी मी आणि माझे मालक शेतात निंदणीला गेलो होतो. परत आलो तर टोपली रिकामी, आणि बकरी मान ताणून गोठ्यात उभी. डावी कूस ढोलासारखी तट्ट फुगलेली. रवंथ नाही, नुसते दात करकर वाजवतेय. पोटात पिल्लं, व्यायला महिनाभर राहिलेला.

"आबा, हिले काय खावाले दिधं?"

"रोट."

"कितला?"

आबांनी खाली पाहिलं. "समदा."

गव्हाचं पीठ, डाळ, गूळ, एवढं सगळं एका दुपारी. पाल्यावर जगणारं जनावर ते, त्याच्या पोटात हे आंबणार नाही तर काय होणार? आबा हळूच म्हणाले, "पोऱ्यासना वाटा व्हता. टाकता येस नही, देता येस नही. ही घरमाच जनमनी, घरनी लेकच शे. मंग तिले दिधा."

लेकीला रोट चालत नाही, मी तडकून म्हटलं.

"लगीन व्हयेल लेकले नही चालत. इन्हं लगीन कुठे व्हयनं?"

समोर गाभण बकरी जिवाशी झुंजतेय आणि हे मला कुळाचा कायदा सांगताहेत! मालक मोटरसायकल काढून म्हसावदला गुरांच्या डॉक्टरांना आणायला गेले. मी खायचा सोडा पाण्यात कालवून थोडा थोडा तिला पाजला, पुढचे पाय ओट्याच्या पायरीवर ठेवले आणि कूस चोळत बसले. आबांनी मान धरली होती. "मन्हा हातनं व्हयनं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांच्या तोंडाकडे बघवतही नव्हतं.

तेवढ्यात धाकट्या दिरांचा सुरतेहून फोन. झालेलं ऐकून सांगायला लागले, हिंग पाजा, फिरवा, असं करा, तसं करा. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात ना, ते मी त्या दिवशी ऐकलं. मी म्हटलं, भाऊ, तुमच्याच वाट्याचं खाऊन पडली आहे ती, इथे या आणि हाका. फोन ठेवला. आबा सगळं ऐकत होते.

डॉक्टरांनी नळी घातली, इंजेक्शनं दिली. सकाळपर्यंत रवंथ केला तर वाचली, म्हणाले, पिल्लांचं सांगता येत नाही. सकाळी आबांच्या हाकेने मी गोठ्यात धावले. बकरी बसली होती आणि तिचा जबडा हळूहळू हलत होता. आबा तिच्याशेजारी भुशात बसून रडत होते. मीही रडले, उगाच खोटं कशाला सांगू? महिन्याने ती व्याली. एक मादी पाट, एक बोकड, दोन्ही ठणठणीत.

पुढच्या श्रावणात आबांनी गहू मोजायच्या आधीच सुरतेला फोन लावला. एरवी फोन कानाला धरायला कंटाळणारा माणूस, पण नाही आलात तर काय होईल, ते दोन्ही लेकांना एकाच वाक्यात ऐकवलं. "तुम्ही नही उनात ते तुम्हना वाटा बकरी खाई, आन ती खाई ते मरी."

दोघंही आले, बायकामुलांसकट. पोरं ओट्यावर मांडीला मांडी लावून बसली, वाढता वाढता माझी कंबर मोडली. टोपलीत कण उरला नाही. पंगत उठली तशी बकरी सवयीने ओट्याखाली येऊन उभी राहिली आणि आबांकडे बघून ओरडायला लागली. मी दारातून लक्ष ठेवून होते. आबांनी दोन्ही हात उघडून तिला दाखवले.

"सरनं, माय," ते म्हणाले. "यंदा समदं सरनं. पोरं उनात ना."

मी आत गेले, अर्धी भाकरी आणली आणि आबांच्या हातावर ठेवली.

"चतकोरच शे," मी म्हटलं.