आडवी लावलेली गाडी

माझी बायको नीलम परदेशातल्या उइटहॉर्न गावी आली तेव्हा सॉफ्टवेअर टेस्टर होती. ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर ती एकदा स्टॉक कारची शर्यत बघायला गेली आणि महिन्याभरात जुनी गाडी घेऊन शिकायलाच लागली. या शर्यतीत गाड्यांना लोखंडी बंपर असतात आणि एकमेकांना धडका देणं नियमात बसतं. सहा वर्षांनी एका संघाने तिला पगारी ड्रायव्हर म्हणून घेतलं, तेव्हा तिने नोकरी सोडली.

गेल्या मे महिन्यात एका शर्यतीत ती सगळ्यांत पुढे होती. मागे एक गाडी उलटली आणि तिचा ड्रायव्हर पट्ट्यांत अडकून लटकत राहिला. शर्यत थांबवणारा लाल झेंडा अजून दाखवला नव्हता. नीलम फेरी मारून तिथे पोचली आणि त्याला आडोसा होईल अशी तिने आपली गाडी आडवी उभी केली. मागच्या दोन गाड्या तिच्यावर आदळल्या. त्याला मात्र काही झालं नाही.

मी प्रेक्षकांच्या कठड्याशी उभा होतो. ती चालत आली तेव्हा एवढंच विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली ना," हेल्मेट काढत ती म्हणाली. "पण अनुप, तो उलटा लटकला होता. मी निदान सरळ बसले होते."

लग्नाला अकरा वर्षं झालीत, पण तिचं हेल्मेट मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतलं.