बाड मध्यस्थाच्या हाती

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं कुणी शौर्य शोधत बसायला नको.

बेचाळीस सालानंतरची गोष्ट. सांगलीपासून तीन-चार कोसांवरच्या आमच्याच गावात मी शाळामास्तर होतो, आणि चार वर्षं खपून एक कादंबरी लिहिली होती. लढाईमुळं कागद मिळत नव्हता, म्हणून पोरांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलेली. बाड एकच. नक्कल करायची तर कागद आणायचा कुठून?

हे बाड स्वतः पुण्याला प्रकाशकाकडं न्यावं की कुणा मध्यस्थाच्या हाती द्यावं, ह्या घोळात मी सहा महिने घालवले. एकदा स्वतः गेलोही होतो. प्रकाशकाच्या जिन्याखाली उभा राहिलो, वरून दोघांचं हसणं ऐकू आलं, ते मलाच हसताहेत असं वाटलं आणि आल्या पावली माघारी फिरलो. घरी सांगितलं, दुकान बंद होतं.

शेवटी मध्यस्थ मिळाले ते सांगलीचे एक जैन व्यापारी. शाळांना पुस्तकं आणि सरकारी कचेऱ्यांना कोरी रजिस्टरं पुरवायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. दर महिन्याला त्यांची पुण्याला खेप, प्रकाशकांच्या गादीवर बसून चहा पिण्याइतकी ओळख. ते म्हणाले, लिहिणाऱ्यानं लिहावं, दारं ठोठावायचं काम माझं. पुस्तक निघालं तर माझा वाटा मला द्या. मला तर देवच भेटला. जुन्या धोतराच्या फडक्यात बाड बांधून दिलं आणि आठ दिवस हवेत तरंगत होतो.

थोरली बहीण, आमची अक्का, तेव्हा माहेरीच राहत होती. तिचे यजमान, आमचे दाजी, चळवळीत भूमिगत झालेले. त्यांच्या गावात पोलिसांचा पहारा, म्हणून ते आमच्याच उसात खोपी करून लपले होते. घरातल्या चौघांखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हतं. वैरणीला जाते असं दाखवून अक्का पाटीतून त्यांना भाकरी न्यायची.

नवव्या दिवशी ती जोंधळे निवडत बसली होती. मी फुशारकीत तिला माझी गोष्ट सांगायला बसलो. एक फरारी दरोडेखोर, उसात लपलेला, त्याची बायको पाटीतून भाकरी नेते. ऐकता ऐकता तिचा हात थांबला. हे तर तू आमचंच लिहिलंस की, असं तिचं म्हणणं पडलं. मी हसलो. माणसांची नावं, जात, गाव, सगळं बदललंय, दाजींना तर गलमिशासुद्धा लावल्यात, असं तिला समजावलं.

"आन रानाचं?" तिनं विचारलं. "रानाचं नाव काय घातलंस?"

रानाचं नाव मी घातलं होतं घोड्याची पट्टी. आमच्या कुणा पणज्याचा पलटणीतला घोडा तिथं पुरलेला, म्हणून ते नाव. पंचक्रोशीत दुसरी घोड्याची पट्टी नाही, आणि दाजी बसले होते ते तिथंच. तुम्ही म्हणाल, असा कसा हा गाढव? पण आमच्याकडं रानाला नाव कुणी ठेवलेलं असतं, हेच कधी डोक्यात येत नाही. ऊन-पाऊस असतो तसं ते असतं. माणसांची नावं बदलताना मी दहादा विचार केला. रान बदलायचं असतं हे एकदाही सुचलं नाही.

"जा, घिऊन ये," अक्का म्हणाली. रडली नाही, ओरडली नाही. त्यानं मी जास्तच घाबरलो.

सांगलीला अण्णांच्या घरी पोचलो तर ते तालुका कचेरीत रजिस्टरं द्यायला गेलेले. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं आणि सहज सांगितलं, तुमचं ते फडक्यातलं लिखाणही पिशवीत घालून नेलंय. कचेरीत! म्हणजे फौजदाराच्या दारात. ह्यांनी अभिप्रायासाठी तिथल्याच कुणा वाचनवेड्या कारकुनाला दिलं असेल तर? दाजींच्या हाताला दोरी दिसायला लागली. त्यांच्यामागून चालणारी अक्का दिसायला लागली. दुपारभर ओट्यावर बसून स्वतःला शिव्या घातल्या. जिना चढायची लाज वाटली म्हणून ह्या माणसाला गाठलं, आणि घरातला जीव त्याच्या पिशवीत घातला.

अण्णा आले ते ऊन कलताना. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून ताट वाढलेलं होतं. त्यांनी मला आत घेतलं, दार लोटलं आणि पिशवीतून बाड काढून माझ्या मांडीवर ठेवलं. मी विचारलं, कुणाला दाखवलं?

"कुणाला न्हाई. पैल्याच दिवशी वाचलं, घोड्याची पट्टी आली आन तितंच मिटलं. पंधरा वर्सं तुमच्या गावाला येतोय मास्तर, मला ते रान ठाऊक न्हाई व्हय?"

घरात ठेवायची भीती, जाळायला हात होईना, परत आणून द्यावं तर वाटेत झडतीची धास्ती, म्हणून आठ दिवस ते बाड त्यांनी अंगाबरोबर वागवलं होतं. फौजदारासमोर बसून रजिस्टरं दिली तेव्हाही पिशवी पायाशीच होती. मला एवढं हायसं वाटलं की मी लगेच म्हणालो, रानाचं नाव बदलून देतो, तुम्हीच पुण्याला न्या.

"नगं. मी आता वाचलंय. मला धरून दोन हाणलं तर मी सांगून टाकीन. माझं मला ठाऊक हाय. पावण्यांना हलवा, मास्तर, आजच्या आज."

तोवर दिवस मावळला होता. त्यांचं ताट तसंच राहिलं.

पुढं, धरपकड थांबल्यावर, ह्याच अण्णांनी रानाचं नाव बदलून ती कादंबरी पुण्याला नेली आणि छापून आणली. आता नवे लिहिणारे मला विचारतात, मध्यस्थ घ्यावा का? मी म्हणतो, खुशाल घ्यावा. पण नीट वाचणारा घ्या, आणि स्वतः किती टिकेल हे तोंडावर सांगणारा घ्या.

त्या दिवशी घरी येऊन मी अक्काला सगळं सांगितलं. सकाळी उसात गेलो तर खोपी मोडलेली, पाचट पांगलेलं. घरी येऊन मी अक्काला विचारलं, दाजींना कुठं नेलंस? ती चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली. मी पुन्हा विचारलं, अगं, मी तुझा सख्खा भाऊ ना?

"व्हय रं," ती म्हणाली. "पर तू लिवतोस."