दुसऱ्या पसंतीच्या मॅडम

सांगा बरं, निवडणुकीत भरवसा कुणावर ठेवावा? मत मागणाऱ्यावर, की ‘दिलं समजा’ म्हणणाऱ्यावर?

एका विद्यापीठाच्या गेटसमोर माझं झेरॉक्स अन् छपाईचं दुकान आहे. नाव सांगत नाय, रोजची गिऱ्हाइकं आहेत! किस्से साचतात ते मशीनखालच्या काळ्या पावडरीसारखे. कितीही झटका, हाताला लागतातच. मी सातवीपर्यंत शिकलो. पुढचं शिक्षण लोकांचे कागद वाचून झालं.

त्या साली नवा कुलगुरू शोधायला समिती बसणार होती. तिच्यातली एक जागा प्राध्यापकांनी आपल्यातून निवडून द्यायची. एक जागा, तीन उमेदवार, आणि तिघांची पत्रकं माझ्याच दुकानात!

*

पहिले आले इतिहासाचे गायके सर, मूळ बिडकीनचे. मजकूर चार पानी.

मी म्हणालो, “सर, एका पानात बसवा की. लोक एवढं वाचत नाहीत.”

“लोक नाहीत वो शेठ, प्राध्यापक आहेत!”

“म्हणूनच म्हणलं.”

हसले, पण एक ओळ काढली नाय. दोन दिवसांनी त्यांच्याच विभागातले एक सर झेरॉक्सला आले. कागद घरून आणलेले. म्हणाले, “एक बाजू कोरी आहे, तीच वापरा.” उलटून बघितलं, तर गायके सरांचं पान तिसरं!

*

दुसरे वाणिज्यचे टाकळकर सर. रोज पैठणहून एसटीनं येणार आणि येताना अर्धी गाडी ओळखीची करणार. एका दुपारी मतदारांची यादी घेऊन आले. जवळजवळ प्रत्येक नावापुढं बरोबरची खूण.

“शेठ, सगळ्यांनी पहिली पसंती कबूल केलीय!”

ते गेले आणि गायके सर आले. तीच यादी, त्याच खुणा, तोच आनंद. दोघांनाही चहा पाजला.

*

तिसऱ्या नसरीन मॅडम, वनस्पतिशास्त्राच्या. विभागातली बाकीची माणसं एकेक करून निवृत्त झाली, जागा भरल्याच नाहीत. उरल्या या एकट्या. विभागामागच्या बागेत कुठलं झाड कुठल्या दिवशी फुललं, याची नोंद त्यांना शिकवणाऱ्या सरांच्याही आधीपासून रोज चालू होती.

“समितीवर जायचंय ते एवढ्याचसाठी,” म्हणाल्या. “कुलगुरू व्हायला येईल त्याला एकच विचारणार, रिकाम्या जागा कधी भरणार? माझी दोनच वर्षं राहिलीत, भाऊ. मी गेले की ही नोंद थांबणार.”

मी म्हणालो, “इतकी वर्षं गेटसमोर बसलोय, बाग कधी बघितली नाय.”

“मग चला!”

दुकान तसंच पोराच्या हवाली केलं. बागेची वाट वर्गातून जात होती. दारात मी चप्पल काढली.

“अहो भाऊ, वर्ग आहे हा, मशीद नाही!”

“मला दोन्ही सारखंच, मॅडम.”

बाग बघितली, पण खरं सांगू? परतताना वर्गात मागच्या बाकावर जरा वेळ बसलो. तेवढंच बघायचं राहिलं होतं.

*

मॅडमचा प्रचार लई न्यारा. मतपत्रिकेवर नावांपुढं एक, दोन, तीन असा पसंतीक्रम टाकायचा होता. मॅडम प्रत्येकाला म्हणायच्या, “पहिली पसंती तुम्ही कुणाला कबूल केलीच असेल. मला दुसरी द्या.” समोरचा खूश! खोटं बोलावंच लागत नाही.

मी म्हणालो, “मॅडम, गिऱ्हाइकाला आधी भारी माल दाखवायचा असतो. पहिली मागा!”

“दिलेला शब्द मोडा, असं कसं सांगू?”

*

मोजणी झाली. दुसऱ्या पसंतीत मॅडम जवळजवळ प्रत्येक मतपत्रिकेवर होत्या. पहिल्या पसंतीत शून्य. ज्याला पहिली सगळ्यात कमी, तो आधी बाहेर, असा नियम. मॅडम पहिल्याच फेरीत बाहेर!

“निदान स्वतःचं तरी मत?” मी विचारलं.

“गायके सरांना आधीच शब्द दिला होता,” म्हणाल्या, आणि हसल्या. हसू पुरलं नाही.

निवडून आले टाकळकर सर. पेढे घेऊन दुकानात आले. म्हणाले, “खरं तर समितीवर मॅडमसारखं माणूस पाहिजे होतं.”

“मग मत द्यायचं की, सर!”

“दिलं ना! दुसरं!”

*

नवे कुलगुरू आले. जागा तशाच राहिल्या. दोन वर्षं कधी सरली कळलं नाही. मार्च संपताना मॅडमचा शेवटचा दिवस आला. हार-तुरे झाल्यावर सरळ दुकानात आल्या.

“भाऊ, एक जाड वही द्या. रेघांची.”

दिली. काउंटरवरच उभ्या राहून पहिल्या पानावर तारीख घातली. खाली लिहिलं: पांगारा, फुलला. बहावा, अजून नाही. मग वही फिरवून माझ्यापुढं सरकवली.

“उद्यापासून तुम्ही.”

“मॅडम, मी सातवी...”

“फूल ओळखता ना?”

“ओळखतो की.”

“मग झालं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी बागेत जाऊन यायचं.” पेन वहीवर ठेवलं. “आणि मला बरं वाटावं म्हणून फुलं लिहू नका. नाही फुललं, तर नाही फुललं असंच लिहा. हिशोब खरा ठेवा, भाऊ.”