पदकाआधीचा फ्लेक्स

आमच्या गावाची सेवा करायला आता काहीही शिल्लक राहिलेलं नाही.

हे मी अभिमानानं नाही, तक्रार म्हणून सांगतोय. आमचं गाव चांदे, तालुका मुळशी. एका अंगाला आयटीवाल्यांचे टॉवर, दुसऱ्या अंगाला लवळ्याची टेकडी आणि त्या टेकडीवर कॉलेजंच कॉलेजं! तिथल्या पोरांना शिकता शिकता समाजसेवा करावी लागते आणि समाज म्हणून सगळ्यांत जवळ आम्हीच सापडतो. दर हिवाळ्यात टोप्या घालून येतात, झाडलेला रस्ता पुन्हा झाडतात, शाळा रंगवतात (रंगाचे इतके थर झालेत, की वर्ग आतून लहान व्हायला लागलेत!) आणि घरोघर प्रश्न विचारत फिरतात. मागं एका पोरीनं आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे सुनंदाला विचारलं, "काकू, तुमच्याकडे शौचालय आहे का?"

"तीन हायत," सुनंदा म्हणाली. "तुला कुटल्यात जायचंय?"

अशा तृप्त गावात माझी बारावीतली मुलगी ऋतुजा एके दिवशी म्हणाली, "पप्पा, मला समाजसेवेचा प्रकल्प करायचाय."

शाळेपासून ती तरुण पोरांच्या एका संघटनेत आहे. तिथले सगळे बिल्ले तिनं मिळवले होते, राहिलं होतं ते युवा नेतृत्वाचं सगळ्यात वरचं पदक. त्याची अट अशी, की लोकांची गरज आपण शोधायची, मैत्रिणी जमवायच्या, काही महिने काम करायचं, मग परीक्षक येऊन बघणार. घरच्यांनी त्यात बोटसुद्धा घालायचं नाही. पोरगी त्या पदकामागं इतकी लागली होती, की झोपेतही त्याच्याबद्दल बोलायची.

"पन सेवा करनार कुनाची?" मी विचारलं. "आपलं गाव तर समदं करून झालंय."

तिनं खिडकीतून टॉवरकडं बोट दाखवलं. "त्यांची."

मला हसू आवरेना. ते टॉवर माझ्याच विकलेल्या रानात उभे आहेत. तिथली माणसं दाराचं कुलूपसुद्धा मोबाइलनं उघडतात. त्यांची सेवा?

"तुम्ही वर कधी गेलायत का?" ती म्हणाली. "चौदाव्या मजल्यावर लातूरचे, अकोल्याचे आजी-आजोबा दिवसभर खिडकीत उभे राहून आपल्या म्हशी बघतात. मुलगा-सून ऑफिसात, शेजारचं दार बंद. खाली उतरलं तर वॉचमन हिंदीत विचारतो, कुठं चाललात. पप्पा, त्यांना बोलायला माणूस नाही."

आणि आमच्याकडं नेमकं उलटं. जमिनी विकून मोकळी झालेली माणसं मारुतीच्या पारावर सकाळपासून बसलेली, पण तेच तेच बोलून एकमेकांना विटलेली! ऋतुजानं हे बरोबर हेरलं होतं. दर रविवारी संध्याकाळी तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी म्हाताऱ्यांना हाताला धरून रस्ता ओलांडून पारावर आणायचं, गप्पा मारू द्यायच्या, दिवेलागणीला परत सोडायचं. बस्स. खर्च नाही, भानगड नाही.

पण माझ्या घरचा कार्यक्रम आणि तो असा मुका? पहिल्याच रविवारी मी मांडव घातला, स्पीकर लावला, पाहुण्यांना शाल आणि नारळ दिले आणि स्वागतपर दोन शब्द बोललो. (सुनंदाच्या मते त्या दोन शब्दांत एक म्हैस विऊन मोकळी झाली.) बोलायला म्हणून आलेली बिचारी माणसं मांडीवर नारळ घेऊन झोपून गेली.

परतताना ऋतुजा दबक्या आवाजात म्हणाली, "पप्पा, ती बोलायला आली होती, ऐकायला नाही. आता तुम्ही लांब राहायचं. मला शब्द द्या."

मी शब्द दिला. पाळलासुद्धा! मी नसताना पार असा रंगला की बघत राहावं. लातूरचे शिंदे गुरुजी आमच्या बाजीराव पैलवानाशी ज्वारीवरून भांडू लागले. अकोल्याच्या आजींनी सुनंदाला ठेचा शिकवला आणि आमच्या घराला आठवडाभर घाम फोडला. मी लांबून, गोठ्याआडून बघायचो. माझ्या पोरीनं दोन गावं जोडली होती आणि त्यात माझं नाव कुठंच नव्हतं. खरं सांगतो, अभिमान वाटायचा आणि पोटात दुखायचंही.

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी माझा दोस्त दत्ताभाऊ घरी आला. "फ्लेक्स कवा लावतुयास?"

"पदक तर मिळू दे."

"मिळाल्यावर समदेच लावत्यात! आपुन आदी लावायचा. विलेक्शन तोंडावर हाय. नंतर म्हनशील, दत्त्या बोलला न्हाई."

आमच्या तालुक्यात वाढदिवसाला फ्लेक्स लागतो, गाडी घेतली की लागतो, दहावीत काठावर पास झालं तरी लागतो. मी एकट्यानं किती दम धरायचा? ऋतुजा तेव्हा तयारीसाठी मैत्रिणीकडं गेली होती. आम्ही पारावरच्या लिंबाला, अगदी वळणावर दिसेल असा फ्लेक्स बांधला.

मधोमध मी. गॉगल, पांढरे कपडे, हात जोडलेले. खाली "भावी सरपंच". भोवती गावातले सगळे शुभेच्छुक, दत्ताभाऊ दोनदा. (एकात टोपी, एकात बिनटोपीचा.) ऋतुजासाठी जागा उरली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. माझ्या मोबाइलात तिचा सरळ तोंड असलेला एकच फोटो सापडला, चौथीतला. स्नेहसंमेलनात ती भाजीवाली झाली होती तेव्हाचा, डोक्यावर पाटी. वर लिहिलं होतं, "युवा नेतृत्व पदक मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" आणि तळाला रिकामी पट्टी बरी दिसेना म्हणून, "संकल्पना व मार्गदर्शन" करून माझं नाव.

रविवारी परीक्षक आले, एक मॅडम आणि एक सर. वळणावरच थांबले. मॅडमनी वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. मला वाटलं, छाप पडली!

"पदक मिळालं?" मॅडम म्हणाल्या. "आम्ही तर आज बघायला आलोय."

"आगाऊ हाय मॅडम. मागनं घाई नको."

"आणि ही भाजीवाली कोण?"

"आमची ऋतुजा."

मॅडमचं बोट तळाच्या पट्टीवर आलं. "संकल्पना आणि मार्गदर्शन वडिलांचं असेल तर हा प्रकल्प तिचा कसा? आम्हाला हा विचारात घेता येणार नाही."

मागं म्हाताऱ्यांना घेऊन ऋतुजा उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"अवो, ते नुसतं लिव्हायचं असतं!" मी गयावया करू लागलो. "आमच्याकडं गटाराच्या उद्‌घाटनाला बी संकल्पना असती! मी कायबी केलेलं न्हाई!"

"तेच तर इथं लिहिलं नाहीये," सर म्हणाले.

तेवढ्यात शिंदे गुरुजी काठी टेकत पुढं आले. "मॅडम, हे खरं सांगायलेत. यांनी काहीच केलं नाही. एकदा भाषण केलं, तेवढाच आम्हाला या गावात त्रास झाला."

"हो न बाप्पा!" अकोल्याच्या आजी म्हणाल्या. "मले तर वाटलं, आता घरी काई जात नाई. पोरीनं सोडवलं आमाले."

बाजीराव पैलवानानं मान डोलावली. माझ्याच गावचा, माझ्याच भावकीतला! माझ्या नालायकीवर दोन्ही गावांचं असं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होतो, अजून बोला रे, अजून बोला.

ऋतुजानं डोळे पुसले. आवाज न चढवता म्हणाली, "पप्पा, शिडी आणा."

मी आणली.

"चढा. वरच्या गाठी आधी सोडा."

भावी सरपंच लिंबावर चढले. खालून दत्ताभाऊ ओरडत होता, "दमानं! माझी दोन्ही तोंडं फाडशील!" सगळा फ्लेक्स खाली आल्यावर ऋतुजानं तो पारापुढं उलगडला. बसायला सतरंजी कमी पडतच होती. म्हातारी मंडळी एकेक करून ऐसपैस बसली. अकोल्याच्या आजी जागा शोधत शोधत आल्या आणि नेमक्या माझ्या गॉगलवर बसल्या. मग गप्पा सुरू झाल्या, मॅडमही चपला काढून कडेला टेकल्या आणि अंधार पडेपर्यंत उठल्या नाहीत. मला कुणी बस म्हणालं नाही. मी शिडी धरून उभा.

पदक मिळालं. पुण्यात मोठ्या सभागृहात समारंभ होता. मी इस्त्रीचे कपडे घालून पुढच्या रांगेत, शेजारी सुनंदा. ऋतुजा स्टेजवर आली तेव्हा मला काही दिसेना, डोळे भरून आले होते.

त्याच मॅडम माइकवर बोलल्या, "या मुलीचं आम्हाला विशेष कौतुक वाटतं. कारण तिनं हे काम अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत उभं केलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी विचारात पडलो. आमच्याकडं पाऊस भरपूर, रस्ता डांबरी, घरात कशाची ददात नाही. प्रतिकूल परिस्थिती कुठली?

सुनंदानं कोपरानं ढोसलं. "उठा की. हात जोडा. तुमचंच नाव घेत्यात."