पहिल्या धोंड्याचा मान

लांज्याच्या वरच्या अंगाला भागोजीची वाडी. तिथे दर कार्तिकात पऱ्यावर बांध घालत. घरटी एक माणूस यायचा. धोंडे, चिखल, पालापाचोळा रचून ओहोळ अडवायचा आणि पावसाआधी सोडून द्यायचा. पहिला धोंडा ठेवायचा मान भागोजीच्या घराण्याचा. कोकणी माणूस एकवेळ उपाशी राहील, पण मान सोडणार नाही, आणि भागोजी तर त्यातच मुरलेला.

या पाण्यावर मळ्यात वायंगण, म्हणजे उन्हाळी भात पिकायचं. मुंबईची कंपनी बंद पडली तेव्हा अठ्ठ्याण्णव साली परत आलेला त्याचा दीपक त्या वायंगणावरच गावात टिकला. एकुलता एक मुलगा डोळ्यांसमोर राहिला, म्हाताऱ्याला आणखी काय हवं होतं?

दोन हजार पाचच्या जुलैत डोंगर सुटला आणि मळ्यावर कमरेइतका दगडगोटा बसला. मग एक संस्था आली. पर्यावरण सांभाळून गाव परत उभं करू, म्हणाली. माणसं वाईट नव्हती. त्यांनी मळा मोकळा करून दिला, सिमेंटचा पक्का बंधाराही देऊ केला. फक्त संस्थेच्या साहेबांनी जागा धरली ती जुन्या बांधाच्या बरीच खाली, कारण ट्रक तिथवरच पोचत होता.

तिथला कातळ आतून पोकळ. तिथे पाणी थांबत नाही, खालून पळतं, हे गावात भागोजीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तो सांगायला पुढे झालाही. तेवढ्यात साहेब म्हणाले, "पहिला नारळ आणि पहिला दगड भागोजीबाबांच्या हातचा!" खांद्यावर शाल पडली, टाळ्या वाजल्या. आता खोडा घातला तर मान दुसऱ्याच्या घरात जाईल, या धास्तीने शहाण्या माणसाने तोंड मिटून घेतलं. नारळ मात्र झकास फोडला.

श्रावणात बंधारा तुडुंब. पाहुणे आले, फोटो काढून गेले. श्रावणात आमच्याकडे फुटकं मडकंही भरलेलं दिसतं, हे त्यांना कोण सांगणार! पौषात तळाला चिखलसुद्धा उरला नाही. जुना बांध घालू म्हटलं, तर घरटी माणूस निघेना. "पक्का झालाय ना? आता कोन मरतोय!" बापलेकांनी दोघांनीच धोंडे रचले; चौथ्या दिवशी वाहून गेले. सलग दोन वर्षं वायंगण नाही.

दीपकने लोटे एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत पाळीचं काम धरलं. पर्यावरणाच्या नावाने गाव सावरलं आणि गावचा पोरगा वाफेत शिजायला निघाला. निघताना त्याने एवढंच विचारलं, "बाबा, तिथं पानी थांबत नाय, तां तुमाला म्हायत व्हतां ना?"

"मान दिलानी रे मला," भागोजी पुटपुटला.

"मग आता तोच शिजवून खावा."

 भागोजीने मुलाची जड पिशवी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि एसटीच्या थांब्यापर्यंत तो त्याच्या मागून चालत गेला.