पन्नीला पाडलेली भोकं

उपासना गजभिये मूळची भंडाऱ्याची. आता अमेरिकेत ॲन आर्बरला विद्यापीठाच्या लॅबमध्ये काम करते. जानेवारीत तिची रुही दिवस भरायच्या आधीच जन्मली, चिमणीएवढी. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, खोली गार पडू देऊ नका. आणि भाड्याचं घर हे असं जुनाट! खिडकीला एकेरी काच, जवळ हात नेला की गारठा बोटांना चावायचा.

उपासनानं नवऱ्याला, अतुलला हाताशी घेतलं आणि खिडकीला प्लास्टिकची पन्नी लावली. चौकटीला दोन्हीकडून चिकटणारी टेप, तिच्यावर पातळ पारदर्शक पन्नी, वरून हेअर ड्रायरचा झोत. सुरकुत्या गेल्या, पन्नी ढोलकीसारखी ताणली.

तरी रुहीचे पाय गारच. उपासना टेप दाबायची, उचकटून पुन्हा लावायची. बाळंतपणाला आलेली तिची आई शरयूबाई पाळण्याशी बसून बघायची.

एका दुपारी दुपटं बदलताना उपासनाच्या मनगटाला गार सुरसुरी लागली. वाकून पाहिलं तर पन्नीच्या कोपऱ्यात टाचणीची भोकं, ओळीनं.

"आई, हे तू केलंस?"

"केलं. कोंडून मारतं का पोरीले?"

"अगं, गारठून जाईल ती!"

"तुह्या मामाले थंडी वाजू नये म्हून दारं-खिडक्या लावल्या होत्या. आत शेगडी होती. सकाळी दार तोडा लागलं."

मामा तापानं गेला, एवढंच उपासनाला आजवर माहीत होतं. तिचा आवाज खाली आला. "इथं शेगडी नाही गं. घर तापवायची भट्टी तळघरात आहे, धूर बाहेर जातो. आणि विषारी गॅस झालाच, तर ती भिंतीवरची डबी ओरडते."

"ओरडून दाखव म्हना तिले."

उपासनानं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. झाकण काढलं, तर आत बॅटरीच नव्हती. या डबीच्या भरवशावर दोन हिवाळे झोपलो आपण! तिनं स्वतःच पन्नी टराटरा फाडली, खिडकी वर सरकवून उघडली, रुहीला छातीशी घेऊन शालीत गुंडाळलं आणि आतल्या खोलीत हाक मारली.

"अतुल, नवीन डबी आण. आणि पन्नी! आत्ता!"

"जातो, जातो! जॅकेट तर घालू दे यार."

तो येईपर्यंत मायलेकी सोफ्यावर अंग चोरून बसल्या. शालीखाली रुहीची छाती हलते का, आळीपाळीनं बघत. शरयूबाई एकदाही 'सांगत होतो ना' म्हणाली नाही.

अतुलनं नव्या डबीचं बटण दाबलं आणि घर दणाणलं. रुही दचकून किंचाळली.

"अगं बाई, दोघींचाही गळा मोठा हाय!" शरयूबाई हसली, डोळे पुसले. "लाव आता तुही पन्नी. ड्रायर मी धरतो."

संध्याकाळपर्यंत खोली ऊबदार झाली. उपासनानं दुपट्यात हात घालून रुहीचे पाय चाचपले. चांगले गरम होते.

"आई, जरा जास्तच गरम नाही ना लागत?"

शरयूबाईनं तिचं मनगट धरून हात बाहेर ओढला. "राहू दे वो. आत्ताच झोपली ते."